पाळी जाण्याचे वय आणि नोकरीची पंधरा वर्षे

मुंबई इलाख्यात १९२९ साली बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. १९६१ साली सबंध देशासाठी प्रसूती लाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा २६ आठवड्यांवर गेली. रेल्वेसह केंद्र सरकारच्या नोकरीत आज १८० दिवसांची प्रसूती रजा आणि सबंध नोकरीत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. यातले काहीही कोणी ताटात वाढून दिलेले नाही. त्यामागे गिरणीच्या साच्यावर, विडीच्या कारखान्यात आणि चहाच्या मळ्यात राबलेल्या बायांची लढाई आहे, आणि चळवळीला त्याचा अभिमान आहे. मात्र हे सारे कायदे एकापुढे एक ठेवून वाचले की एक गोष्ट ध्यानात येते. कायद्याला कामगार स्त्री दिसते ती फक्त आई म्हणून. मूल अठरा वर्षांचे झाले की बालसंगोपन रजा संपते. त्यापुढे तिच्या शरीराला जणू काही होतच नाही, असे सरकार धरून चालते.

प्रत्यक्षात हिशेब वेगळा आहे. आपल्या देशात पाळी कायमची बंद होण्याचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या सुमारास आहे. शरीरातील बदल त्याआधी चार-सहा वर्षे सुरू झालेले असतात. रेल्वेतील निवृत्तीचे वय १९९८ पासून ६० आहे. याचा अर्थ असा, की चाळिशीनंतर नोकरीत राहिलेली जवळजवळ प्रत्येक भगिनी ड्यूटी करीत करीतच या काळातून जाते, आणि त्यानंतरही दहा-पंधरा वर्षे तिला काम करायचे असते. एवढा मोठा प्रश्न पीएनएमच्या विषयपत्रिकेवर क्वचितच दिसतो.

युनियनच्या सेक्रेटरीने असल्या विषयावर लिहावे का, असे कोणी विचारील. हा घरातला, बायकांचा आपापसातला विषय आहे असे म्हणणारेही भेटतील. त्यांना आमचे उत्तर एवढेच. रात्री तीन वाजता गेट बंद करण्याची जबाबदारी जिच्यावर आहे, तिला चार रात्री झोप लागली नसेल तर तो विषय घरातला राहत नाही. तो कामाच्या परिस्थितीचा आणि गाडीच्या सुरक्षेचा विषय होतो. आणि कामाची परिस्थिती हे तर संघटनेचे पहिले काम.

या वयात कोण आहेत?

मार्च २०२५ मध्ये सरकारने दिलेल्या माहितीनुसार भारतीय रेल्वेत एक लाखाहून अधिक महिला काम करतात. त्यांत दोन हजारांवर लोको पायलट आहेत आणि सात हजारांहून अधिक ट्रॅकमेंटेनर आहेत. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली सहायक ड्रायव्हर म्हणून इंजिनावर चढल्या आणि ३६ वर्षांची नोकरी करून सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. म्हणजे सबंध नोकरी इंजिनावर काढलेल्या स्त्रियांची पहिली पिढी आता घरी जाऊ लागली आहे. तिच्या मागून भरती झालेल्या कितीतरी जणी आज चाळिशी-पंचेचाळिशीच्या घरात आहेत.

गँगमध्ये, सफाईत आणि कार्यालयात शिपाई म्हणून काम करणाऱ्या पुष्कळ भगिनी अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या आहेत. नवरा गेला, पदरात मुले, आणि तिशी उलटल्यावर हातात फावडे आले. या बाईला या वयात विचारपूस करणारे घरी कोणी नसते. रेल्वेबाहेर पाहिले तरी चित्र तेच आहे. अंगणवाड्या १९७५ साली सुरू झाल्या आणि आशा सेविका २००५ साली आल्या. गावातल्या सुनेच्या बाळंतपणाची नोंद ठेवणाऱ्या या बायांच्या स्वतःच्या शरीरात काय चालले आहे, याची नोंद ठेवायला कोणत्याही रजिस्टरात रकाना नाही.

शरीरात काय होते?

स्त्रीच्या बीजकोशात बीजांचा साठा जन्मापासूनच असतो. चाळिशीनंतर तो संपत येतो, आणि बीजकोशातून होणारी इस्ट्रोजेन या हार्मोनची निर्मिती बिघडू लागते. ही निर्मिती सरळ उताराने कमी होत नाही. घाटातल्या लाइनीसारखी ती कधी एकदम चढते, कधी एकदम उतरते. म्हणून सुरुवातीला पाळी बंद होत नाही, ती अनियमित होते. कधी वीस दिवसांत येते, कधी दोन-दोन महिने येत नाही, आणि आली की अंगावरून फार जाते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे डॉक्टर मानतात. त्याआधीची काही वर्षे हा संक्रमणाचा काळ, आणि जास्त त्रास बहुधा याच काळात होतो. या काळात दिवस राहू शकतात, हेही विसरू नये.

मेंदूत शरीराचे तापमान सांभाळणारे एक केंद्र आहे. इस्ट्रोजेनच्या चढउताराने ते हळवे होते. जराशा उष्म्यानेही त्याला वाटते की शरीर तापले. मग छातीपासून मानेपर्यंत आणि चेहऱ्यापर्यंत वाफ चढते, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडते आणि काही मिनिटांनी उलट थंडी वाजते. रात्री हेच झाले की अंथरूण भिजते आणि डोळ्याला डोळा लागत नाही. झोप नाही म्हणून चिडचिड, विसरभोळेपणा, कामात मन न लागणे. सांधे दुखतात, लघवीची घाई होते, योनिमार्ग कोरडा पडून संबंधांच्या वेळी दुखते. काही जणींना हा त्रास वर्षा-दोन वर्षांत सोडून जातो, काहींचा सात-आठ वर्षे टिकतो. ज्यांना काहीच जाणवत नाही अशाही भाग्यवान आहेत.

हा आजार नाही. पाळी येणे जसे निसर्गाचे, तसेच ती जाणेही निसर्गाचे. पण आजार नाही म्हणजे त्रास नाही, असे म्हणता येत नाही. बाळंतपण तरी कुठे आजार आहे? तरीही त्यासाठी रजा, दवाखाना आणि कायदा आहेच ना! 'या वयात बायका अशाच चिडतात' असे म्हणून हसण्यावारी नेणे हा अडाणीपणा आहे, मग तो सुपरवायझरचा असो की सहकाऱ्याचा.

कामावर काय होते?

मे महिन्यात विदर्भात आणि खानदेशात पारा ४५ वर जातो तेव्हा रूळ हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी अधिक तापलेला असतो. गरम हवेतली पेट्रोलिंग त्यासाठीच असते. त्या उन्हात, खडीवर, आतून वाफा येत असताना काम करणे म्हणजे काय, हे गँगमधल्या बाईलाच ठाऊक. ब्लॉक मिळालेला असतो, सेक्शनमध्ये आडोसा नसतो. अंगावरून जास्त जात असेल तर कपडा बदलायला जागा नाही आणि धुवायला पाणी नाही. मग बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाणी तोडले की उष्णतेचा त्रास वाढतो आणि लघवीचे विकार होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आधीच रक्त कमी, त्यात महिन्याला दोनदा पाळी, आणि वर हातात बीटर. चक्कर येऊन पडली तर दोष कोणाचा?

इंजिनावरची गोष्ट निराळी नाही. संडास-मुतारीची सोय काही थोड्या इंजिनांपुरतीच आहे. लोको पायलटना जेवणासाठी आणि नैसर्गिक विधीसाठी ठरावीक वेळ नेमून देणे शक्य नाही, हे समितीचे मत रेल्वे बोर्डाने एप्रिल २०२५ मध्ये मान्य केले. तो पुरुषांवरही अन्यायच आहे. पण जिला दर तासाला लघवीची घाई होते किंवा अचानक रक्तस्राव होतो, तिच्यासाठी तो जुलूम आहे. अनेक गेटांवर आजही बारा तासांचे रोस्टर आहे. तिकीट तपासणाऱ्या भगिनीला गर्दीच्या डब्यात कोटाच्या आत घाम फुटतो आणि प्रवासी तिच्याकडे बघत राहतात. कार्यालयात बसणारीला पंखा असतो; पण आकडा विसरला की साहेबाचे बोलणे खावे लागते. सगळ्यांचा मिळून तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

गर्भाशय काढणे हा कामाच्या परिस्थितीवरचा उपाय नव्हे

कामाची परिस्थिती सुधारली नाही की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली सरकारने पाहणी केली. ८२ हजारांवर स्त्रियांची विचारपूस झाली आणि त्यांतल्या १३ हजार ८०० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत कितीतरी तरण्याताठ्या होत्या. फडात पाणी नाही, संडास नाही, एक दिवस खाडा झाला की मुकादम दंड कापतो. पाळीचा त्रास घेऊन गेलेल्या बाईला 'पिशवी काढून टाका' हा सल्ला मिळाला आणि खाड्याच्या भीतीने तिने तो ऐकला. अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला. विनाकारण होणाऱ्या या शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला.

आमच्या भगिनींनी यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोठी गाठ, कर्करोग किंवा औषधाने न थांबणारा रक्तस्राव असेल तर शस्त्रक्रिया जरूर करावी लागते. पण केवळ पाळीची कटकट नको म्हणून गर्भाशय काढणे चुकीचे आहे. त्याबरोबर बीजकोशही काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि त्रास दुपटीने होतो. बीजकोश ठेवले तरी ती काही वर्षे अलीकडे येण्याचा संभव असतो. लवकर रजोनिवृत्ती झाली की हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय सही करू नये.

केव्हा दाखवावे, काय घ्यावे?

काही गोष्टी मुळीच अंगावर काढू नयेत. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थोडाही रक्तस्राव झाला, तर तो साधा समजू नये. गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते आणि वेळेवर कळला तर तो बरा होतो. तासा-दोन तासांत कपडा भिजत असेल, गाठी जात असतील, दम लागत असेल, संबंधांनंतर रक्त दिसत असेल, किंवा चाळिशीच्या आतच पाळी थांबली असेल, तर लगेच दाखवावे. धाप, धडधड आणि थकवा थायरॉइडने किंवा रक्त कमी असल्यानेही येतो. सगळेच 'वयाचे' म्हणून सोडून देऊ नये.

उपाय आहेत. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत आणि गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधनही आहे. वाफांवर हार्मोनचा उपचार सर्वांत गुणकारी ठरला आहे. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानंतर त्याची जगभर धास्ती पसरली. पण त्या अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आतील, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नाहीत अशा निरोगी स्त्रीला त्रास फार असेल, तर या उपचाराचा फायदा बहुधा धोक्यापेक्षा अधिक असतो, असे आज तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळीचा विकार झालेल्यांना मात्र तो सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी हार्मोनविरहित औषधे आहेत. निर्णय डॉक्टरने तपासून घ्यायचा आहे. शेजारणीची गोळी घेऊ नये.

पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज झपाट्याने होते. नाचणी, तीळ, दूध, डाळी, सकाळचे ऊन आणि रोजचे चालणे याला पर्याय नाही. तंबाखू-मिश्रीने हाडेही झिजतात आणि वाफाही वाढतात, म्हणून ती सोडलेली बरी. घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणाऱ्या आमच्या भगिनींनी निदान या वयात तरी आपले ताट आधी वाढून घ्यावे.

गप्प बसण्याचे खरे कारण

हे सारे असूनही भगिनी बोलत का नाहीत? लाज हे एक कारण आहे. पण एका मोठ्या जंक्शनवर महिला सभासदांशी बोलताना आम्हाला दुसरेच कारण ऐकू आले, आणि ते म्हणजे भीती. 'डॉक्टरला सांगितले आणि त्यांनी अनफिट केले तर?' डिकॅटेगराइज झालेल्याला पर्यायी जागा मिळते हे खरे. पण मायलेज जाते, लाइन सुटते, कधी गावही सुटते. एकटीच्या पगारावर घर चालवणाऱ्या बाईला हा जुगार परवडत नाही. म्हणून ती पीएमईला गेली की सारे ठीक आहे म्हणते. सिकमध्ये जाते तेव्हा कंबरदुखी सांगते. त्यामुळे प्रशासनाच्या कागदावर हा त्रास उमटतच नाही, आणि जे कागदावर नाही त्यासाठी तरतूदही होत नाही.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. रजोनिवृत्ती ही अपात्रता नव्हे. या कारणावरून एकाही भगिनीला तिच्या जागेवरून हलवू दिले जाणार नाही. बाईला कामावरून हटवणे हा उपाय नाही, कामाची जागा बाईला राबण्याजोगी करणे हा उपाय आहे.

ब्रिटनमधील कामगार संघटनांच्या मध्यवर्ती संस्थेने, टीयूसीने, २००३ साली सुमारे पाचशे सुरक्षा प्रतिनिधींकडून याच विषयाची माहिती गोळा केली. साहेबांना या त्रासाची दखल नाही, असे त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी सांगितले. गरम खोल्या, बंद खिडक्या आणि संडासांची वानवा याच तक्रारी तिकडेही होत्या. थंड देशात जर ही स्थिती, तर आमच्याकडील उन्हाळ्याचे काय सांगावे!

शाखांनी पुढील मागण्या आपापल्या पीएनएममध्ये आणि खात्यातील वाटाघाटीत मांडाव्यात, असे आमचे सांगणे आहे.

१. प्रत्येक गँग, गेट, लॉबी आणि डेपोत स्त्रियांसाठी पाण्यासह संडास व कपडे बदलण्याची जागा असावी. सेक्शनमध्ये काम असेल तेथे फिरती सोय असावी.

२. डॉक्टरच्या चिठ्ठीवर, कारण जाहीर न करता, ठरावीक मुदतीसाठी रात्रपाळीतून व भर दुपारच्या कामातून सूट मिळावी. त्यामुळे पगारात वा बढतीत नुकसान होऊ नये.

३. रेल्वेच्या मोठ्या दवाखान्यांत आठवड्यातून एक दिवस चाळिशीपुढील स्त्रियांची ओपीडी असावी आणि शक्यतो तेथे स्त्री डॉक्टर असावी. रक्त, थायरॉइड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी तेथेच व्हावी.

४. तेथे सांगितलेली गोष्ट पीएमईत तिच्याविरुद्ध वापरली जाणार नाही, असे लेखी आश्वासन मिळावे.

५. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांबद्दल चळवळीचे म्हणणे स्वतंत्र आहे. मात्र चाळिशीपुढील कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीचे जे आश्वासन सरकारने दिले आहे, त्यात रजोनिवृत्तीच्या तपासण्या धराव्यात. अंगणवाडी व आशा सेविकांनाही त्याचा लाभ द्यावा.

वेगळ्या रजेचे काय, असे विचारले जाईल. बिहारमधील सरकारी महिला कर्मचाऱ्यांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस विशेष रजा मिळते, तेव्हा अशी रजा अशक्य आहे असे नाही. पण यावर भगिनींमध्येच दोन मते आहेत. अशा रजेने स्त्रियांची भरती कमी होईल, असे काहींना वाटते. रजा मिळाली तरी उरलेले दिवस पाण्याविना काढावे लागतील, असेही काहींचे म्हणणे आहे. याचा निर्णय महिला सभासदांनी आपल्या सभेत करावा. संघटना त्यांच्या ठरावामागे उभी राहील.

पुरुष सहकाऱ्यांनाही दोन शब्द. गँगमधली बाई दहा मिनिटे सावलीत बसली तर तिला टोमणा मारू नका. तुमच्या घरातही या वयाची बायको, बहीण, वहिनी आहे. ती रात्री उठून खिडकी उघडते तेव्हा तिला काय होते आहे, हे विचारण्यात कमीपणा नाही.

प्रत्येक शाखेने येत्या तीन महिन्यांत महिला सभासदांची एक सभा घ्यावी, तिला एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बोलवावे आणि पुरुष पदाधिकाऱ्यांनी त्या वेळी बाहेर थांबून चहापाण्याची व्यवस्था पाहावी. सभेत ज्या तक्रारी पुढे येतील त्या नावे न घालता लिहून काढाव्यात आणि कार्यालयाकडे पाठवाव्यात. त्या कागदांच्या आधारेच या मागण्या वर रेटता येतील.